सांगून जाणारी वीज

वीज जाणे ही एक गोष्ट झाली, आणि वीज जाणार असल्याचे आधी कळणे ही दुसरी. पहिलीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. वादळ झाले, माड तारेवर पडला, गाव दोन दिवस अंधारात बसला, की त्याचे वृत्तांत येतात, छायाचित्रे येतात, कोणी पुढारी पाहणीलाही येऊन जातो. दुसरीची कथा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील एका चौकोनात संपते. निविदांच्या सूचना आणि नावे बदलल्याच्या जाहिराती यांच्या मधोमध तो असतो : अमुक तारखेस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत, दुरुस्तीच्या कामासाठी, पुढील भागांतील वीजपुरवठा बंद राहील. त्याखाली फीडरची आणि ट्रान्सफॉर्मरची नावे. वैशाख लागला की आमच्या किनाऱ्यावरील घरांतून अग्रलेखाच्या आधी हा चौकोन वाचला जातो. इडलीचे पीठ कधी वाटावयाचे, पाहुण्यांना कोणत्या दिवशी या म्हणावयाचे, बाजारातून मासळी किती आणावयाची, हे सारे त्यावर ठरते. फोंडा-डिचोलीकडील वाचकांनाही हा चौकोन परका नाही. परंतु समुद्राकाठी त्याचे वजन जरा अधिक आहे. ते का, हे सांगण्यासाठी या महिन्याचा हा प्रपंच.

ऐन उकाड्यातच ही माणसे वीज का बंद करतात, असे चिडून विचारणारा कोणी ना कोणी दर वर्षी भेटतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात आहे. विजेची उघडी तार खांबावर जेथे टेकते तेथे चिनी मातीचे, एकावर एक बशा उपड्या घातल्यासारखे दिसणारे इन्सुलेटर बसविलेले असतात. तारेतील वीज खांबात उतरू नये, हे त्यांचे काम. दिवाळीनंतर पाऊस थांबला की वैशाखापर्यंत, सहा-सात महिने, हा वारा त्यांच्यावर मिठाचा बारीक थर चढवीत राहतो. मीठ कोरडे आहे तोवर काही बिघडत नाही. ते ओलावले की त्याच थरावरून वीज सरपटू लागते, ठिणग्या उडतात, आणि उपकेंद्रात फीडर आपोआप बंद पडतो. म्हणूनच आषाढातल्या मुसळधार पावसापेक्षा मृगाच्या आधी होणारा पहिला शिडकावा आपल्या विजेला अधिक बाधतो. मुसळधार पाऊस मीठ धुऊन तरी नेतो. शिडकावा ते नुसते भिजवतो. 'चार थेंब पडले की वीज गेलीच' म्हणून आपण हसतो, त्या चार थेंबांमागे हे सहा महिन्यांचे मीठ असते.

त्याच वाऱ्याने लोखंडी खांब बुडाशी, जमिनीलगत, गंजतात. जोडांवरचे खिळे आणि पट्ट्या खाल्ल्या जातात. माडाची पिकलेली झावळी केव्हा सुटून तारेवर येईल याचाही नेम नसतो. पाऊस लागण्यापूर्वी इन्सुलेटर पुसावयाचे, तडकलेले बदलावयाचे, झावळ्या तोडावयाच्या, खचलेला खांब सावरावयाचा, ही कामे चालू तारेवर होत नाहीत. हल्ली पुष्कळ ठिकाणी तारा जमिनीखालून नेल्या आहेत, काही ठिकाणी आवरण घातलेल्या तारा आल्या आहेत. परंतु वाड्यावाड्यांतून, भाटांमधून, माडांच्या अंगाला अंग घासत जाणारी उघडी तार अजून बरीच शिल्लक आहे. ती आहे तोवर वैशाखातला चौकोनही राहणार.

या विजेची सवय होऊन आपल्याला तसा फार काळ लोटलेला नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ती मोजक्या शहरांत होती. खेड्यांत पुढे हळूहळू पोचली. स्वतःचे म्हणावे असे मोठे वीजकेंद्र गोव्यात आजही नाही. कोरबा आणि विंध्याचल येथील कोळशाच्या केंद्रांतून, काही वाटा दक्षिणेकडून रामगुंडमहून, अशी ती शेकडो मैल तारांवरून चालत घाट उतरते. छत्तीसगढातल्या कोळशावर ज्या घरातला पंखा फिरतो, तेथे पोचण्याच्या शेवटच्या दोनशे पावलांवर विजेला मिठाने अडवावे, यात मौज आहे. निदान पंखा फिरत असताना ती मौज वाटते.

आता वीज नऊला जाणार त्या दिवशीचे घर पाहा. तो दिवस पहाटे पाचलाच सुरू होतो. प्रथम पाणी. आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांना विहीर आहे आणि विहिरीवर पंप आहे. कठड्यावरचा रहाट जागेवर असतो, परंतु त्याला दोर नसतो. दोर असलाच तर तो परसात कपडे वाळत घालावयास बांधलेला असतो. म्हणून पहाटेच पंप लावून वरची टाकी काठोकाठ भरावयाची. शिवाय न्हाणीतले भाण, घागरी, कळश्या, बादल्या, एवढेच काय पण मोठी पातेलीसुद्धा. टाकीत पुरेसे पाणी आहे हे ठाऊक असूनही पातेली भरली जातात. ज्यांनी एकदा साबण लावलेल्या अंगाने पाण्यासाठी हाका मारल्या आहेत, त्यांना यावर काही सांगावयास नको.

मग वाटण. ओला नारळ, मिरच्या आणि धणे वाटल्याशिवाय आपल्याकडे दुपार होत नाही. एरवी मासळी येते साडेदहाच्या सुमारास आणि मिक्सर फिरतो तोही त्याच वेळी. आज मात्र वाटण सातालाच करून ठेवावयाचे, आणि फ्रीज बंद असता ओल्या नारळाचा गोळा दुपारपर्यंत आंबतो की काय या धास्तीत राहावयाचे. नाही तर पाटा-वरवंटा धुऊन घ्यावयाचा. पाट्यावरच्या वाटणाची चव काही निराळीच, असे अशा दिवशी घरातले पुरुष हमखास म्हणतात. चव निराळी असते हे खरेच आहे. मात्र ज्यांना ती आठवते त्यांचे खांदे दुखत नसतात. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी हे बोलणे ऐकून पाटा उचलला तो थेट यजमानांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. त्या दुपारी त्या घरी वरण-भात आणि लोणचे झाले, असे कळते.

साडेआठपासून घरात धांदल उडते. इस्त्री, विजेऱ्या, मोबाईल, मुलाचे संगणकाचे काम, आजोबांचे औषधाची वाफ घेण्याचे यंत्र, सगळे एकाच वेळी भिंतीला लागलेले. नऊ वाजतात, आणि वीज जात नाही. तेव्हा जी चलबिचल होते ती पाहण्यासारखी असते. मिक्सर पुन्हा काढावा काय? अंगावरचा उकाडा जावा म्हणून जरा पंख्याखाली बसावे काय? नऊ वाजून चौदा मिनिटांनी वीज जाते, आणि ती गेली म्हणून सर्वांना हायसे वाटते.

वैशाखात आपल्याकडे पारा नागपूरसारखा चढत नाही. तो पस्तिसाच्या आतबाहेर राहतो. परंतु हवेत ओल इतकी असते की आलेला घाम अंगावरच राहतो. पंखा हवा थंड करीत नाही, तो घाम वाळवतो. तेवढे एक साधन थांबले की समुद्राकाठचे पस्तीस आणि देशावरचे पस्तीस यांतला फरक कळतो. येथे घराच्या बांधणीचाही प्रश्न येतो. कौलारू उंच छप्पर, जाड भिंती, पश्चिमेकडे माडांची सावली आणि पुढे बाल्कांव किंवा ओटा, अशी जी घरे आहेत ती विजेवाचून राहण्यासाठीच बांधलेली होती. बारा वाजेपर्यंत तेथे विजेची आठवणही होत नाही. नव्या इमारतीतील वरच्या मजल्यावरचा, डोक्यावर स्लॅब तापणारा आणि वाऱ्याच्या बाजूला नेमकी भिंत आलेला फ्लॅट हा वीज कधीच जाणार नाही या भरवशावर बांधलेला असतो. चढ्या भावाने विकला जातो तोही हाच.

काम लांबले आणि सायंकाळ झाली, की जुन्या वस्तू बाहेर निघतात. कंदील सापडतो, परंतु रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही. मग समई, पणत्या, मेणबत्त्या. अशा रात्री घर कसे एकत्र येते, आजी कशी गोष्टी सांगते, मुले पर्वचा कशी म्हणतात, असे गोड लिहिण्याची एक पद्धत पडून गेली आहे. आम्हीही अशा रात्री ओट्यावर बसलो आहोत. पहिला अर्धा तास खरोखर सुखाचा जातो. नंतर डास येतात. आणि ज्या घरात दमेकरी आहे, अंथरुणाला खिळलेली सासू आहे किंवा महिन्याचे मूल आहे, त्या घराला तो पहिला अर्धा तासही मिळत नाही. अलीकडे किनाऱ्यावरच्या गावांतून आणखी एक भर पडली आहे. हॉटेले आणि विश्रामगृहे यांचे जनरेटर एकदम धडधडू लागतात. त्यामुळे अंधार वाड्याच्या वाट्याला येतो आणि जुन्या अंधाराबरोबर येणारी शांतता मात्र येत नाही.

परंतु दिवे आणि पंखे यांवरून समुद्राकाठच्या विजेचा हिशेब पुरा होत नाही. येथे मोजावयाचा असतो बर्फ.

पहाटे होड्या आणि ट्रॉलर लागतात, तेथून मासळी उचलावयाची, कारखान्यातून आलेली बर्फाची लादी फोडून तिचा चुरा क्रेटमध्ये थरावर थर घालावयाचा, आणि रिक्षाने किंवा बसने गावोगाव निघावयाचे, हा मासळी विकणाऱ्या बायकांचा नित्यक्रम. सकाळी विकले गेले ते गेले. उरलेले बर्फात किंवा घरच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे वैशाख हा कमाईचा शेवटचा महिना. घरोघर पुरुमेंताची, पावसाच्या बेगमीची घाई असते, सुक्या-खाऱ्या मासळीला मागणी असते, आणि पुढे दोन महिने जे घर चालावयाचे ते या पैशावर. तारा दुरुस्त करण्याचा महिना आणि बर्फाची सर्वांत अधिक गरज असलेला महिना हे एकच आहेत. यात कोणाचा दोष नाही, दोन्ही पावसाने ठरविलेले आहेत.

आमच्या वाड्यावर वर्षानुवर्षे मासळी घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. मागे एका वैशाखात चौकोनात मंगळवार दिलेला होता. मावशींना वाचता येत नाही. परंतु कोणी तरी सांगितले आणि त्यांनी त्याप्रमाणे बेत केला. मंगळवारी माल निम्माच उचलला, बर्फ दुप्पट घेतला. मंगळवारी वीज गेलीच नाही. काम पुढे ढकलले होते. ढकलल्याचे कोठे छापून आले नव्हते. जादा बर्फ अंगणात वितळून गेला. बुधवारी, आदल्या दिवशीची तूट भरून काढावी म्हणून, त्यांनी दोन क्रेट बांगडे घेतले आणि बर्फ बेताचाच. सकाळी निम्मे बांगडे खपले. उरलेले घरच्या फ्रीजमध्ये कोंबून त्या नात्यातल्या लग्नाला गेल्या. वीज साडेदहाला गेली ती सायंकाळी सातला आली.

ते बांगडे त्यांनी विकले नाहीत. मीठ लावून खारवावे, असे शेजारणीने सुचविले. मऊ पडलेला बांगडा खारवायचा नसतो, म्हणून तेही केले नाही. माडांच्या मुळांशी खड्डे करून पुरले. आम्ही विचारले तेव्हा मावशी एवढेच म्हणाल्या, "मंगळवारी जाणार म्हणाले होते ना? मग मंगळवारी जायला हवी होती." वीज गेली याबद्दल त्या बोलल्या नाहीत.

बांगडा पुरण्यात त्यांचे शहाणपण होते, हे येथे सांगितले पाहिजे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या जातींच्या मासळीत, ती काही तास उष्ण हवेत राहिली, तर जंतूंमुळे हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. अशी मासळी खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, कधी उलट्या होतात. आणि ते द्रव्य शिजवून, तळून किंवा खारवून नाहीसे होत नाही. मासळीचा वास येईलच असेही नाही. वीज बंद असलेल्या दिवशी स्वस्त मिळाला म्हणून बांगडा घेणाऱ्या गृहिणींनी एवढे ध्यानात ठेवावे. घरच्या फ्रीजचा ढोबळ हिशेब असा की दार न उघडल्यास खालच्या कप्प्यातील थंडी चारेक तास टिकते. गच्च भरलेल्या फ्रीझरची दोन दिवसांपर्यंत, अर्ध्या भरलेल्याची एक दिवस. मात्र हा हिशेब आधीच थंड झालेल्या जिनसांचा आहे. नुकतीच कोंबलेली मासळी त्यात बसत नाही, आणि थंडी गेली की नाही हे पाहण्यासाठी दर अर्ध्या तासाने दार उघडणारी मंडळी तर कोणत्याच हिशेबात बसत नाहीत.

तेरेखोलच्या खाडीपलीकडे, शिरोडा, आरवली, वेंगुर्ले या बाजूस, आपल्यापैकी अनेकांची माहेरे आणि आजोळे आहेत. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे विजेच्या टंचाईची गेली, आणि 'भारनियमन' हा सरकारी शब्द घरातल्या लहान मुलांच्याही तोंडी बसला. आपल्याकडील वीज बंद ठेवण्याहून तो प्रकार निराळा. येथे तार दुरुस्त करावयाची म्हणून वीज थांबते. तेथे वीजच कमी म्हणून ती वाटून दिली जाई. फीडरवर गळती किती आणि वसुली किती यावरून गट पाडीत, आणि गटाप्रमाणे अंधाराचे तास ठरत. वेळेवर बिल भरणारे घर बुडव्यांच्या फीडरवर असले तर त्यांच्याबरोबर तेही अंधारात. मुंबई मात्र यातून बहुतांशी सुटलेली असे. दाभोळचा म्हणून गाजलेला वीजप्रकल्प प्रत्यक्षात दाभोळला नाही. वाशिष्ठीच्या मुखाच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूस आहे. १९९९ साली त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ साली विजेच्या दराच्या वादात तो बंद पडला, आणि २००६ साली पुन्हा चालू होईपर्यंत तसाच राहिला. टंचाईचे २००५ साल आले तेव्हा ते प्रचंड केंद्र समुद्रकाठी थंड उभे होते.

आमची एक आत्या वेंगुर्ल्याची. त्या वर्षांविषयी ती बोलते तेव्हा तक्रार कमी आणि हिशेब अधिक असतो. सहा ते साडेआठ नाही म्हटले की नाही, जेवणे पावणेनऊला. दुपारची पाळी असली की पिठाची गिरणी सकाळी. पाळी महिन्याने बदले, तेव्हा नव्या वेळा लिहून तिने फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटविला होता. ते दिवस सरून वर्षे झाली, तरी तो कागद तेथेच आहे. आता त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहितात. टंचाई वाईटच. परंतु जे दिवस आत्याने कागद चिकटवून काढले, तसे दिवस मावशींना एका बुधवारी काढता आले नाहीत, आणि दोघींतला फरक विजेच्या तासांचा नव्हता.

समुद्राकाठच्या माणसाला जाणाऱ्या-येणाऱ्या गोष्टींची सवय आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडे भरतीची वेळ निघते; आपल्या बाजूला त्यात थोडा फेर करावा लागतो. अष्टमीच्या सुमारास भांग, पुनवेला आणि अवसेला उधाण, हे पंचांग न उघडता सांगणारी माणसे अजून आहेत. तिसऱ्या आणि खुबे वेचणाऱ्या बायका ओहोटीचे दोन-अडीच तास धरून चिखलात उतरतात आणि पाणी वळण्यापूर्वी वर येतात. ओहोटीवर रागावलेले कोणी आम्ही आजवर पाहिलेले नाही.

विजेच्या कामाला भरती-ओहोटीचा नेमकेपणा येणार नाही, हे आम्ही जाणतो. वर चढल्यावर कळते की इन्सुलेटरबरोबर आडवी पट्टीही गेली आहे. खांब हलविताना बुडाचे लोखंड हातात येते. पाचला देतो म्हटलेली वीज मग सातला येते. भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या खांबावर माणूस चढलेला असताना 'अजून किती वेळ?' असे खालून ओरडणाऱ्यांत आपण नसावे. उलट त्याच्या जिवाची काळजी आपल्या घरातूनही घ्यावी लागते, आणि ती फार थोडे घेतात. घरचा जनरेटर बदल-स्विच न बसविता सरळ घराच्या जोडणीत लावला, तर त्याची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाऊ शकते. वाटेतला ट्रान्सफॉर्मर तीच वीज ११ हजार व्होल्टपर्यंत चढवतो. खांबावरच्या माणसाने तार मेलेली समजून हात घातलेला असतो. जनरेटर घेताना रंग आणि आवाज यांची चौकशी करणाऱ्यांनी या स्विचचीही करावी.

काम लांबण्याविषयी कोणाची कुरकुर नसावी. परंतु दिवस बदलला तर तो बदलल्याचे कळले पाहिजे. मावशींचे बांगडे गेले, त्याहून मोठे नुकसान होण्यासारखी घरे वाड्यावर आहेत. मुले आखातात किंवा युरोपात आणि घरात दोनच म्हातारी माणसे, हे चित्र किनाऱ्यावर नवे राहिलेले नाही. अशा एखाद्या घरी प्राणवायूचे यंत्र असते. ते विजेवर चालते. इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल हे बॅटरीच्या वयावर अवलंबून. वीज जाणार असे आधी ठाऊक असेल तर भरलेला सिलिंडर आणून ठेवता येतो, नाही तर त्या दिवसापुरते आजोबांना दुसऱ्या गावी लेकीकडे नेता येते. न सांगता गेली तर शेजाऱ्यांची धावपळ. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या मानाने घाबरू नये. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, घरातल्या गारव्यात, काही आठवडे राहू शकते. जपावयाची ती न उघडलेली. ती घाबरून फ्रीझरमध्ये किंवा बर्फावर ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवण्याची युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत चांगली चालते. आपल्या दमट हवेत फडके वाळतच नाही, तर गारवा कोठून यावा?

आता त्या चौकोनातील भाषेविषयी. फीडरचे नाव आणि ट्रान्सफॉर्मरचा क्रमांक हे कचेरीला ठाऊक असतात. आपले घर कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर आहे हे वाड्यावरच्या दहांतल्या एकालाही सांगता येणार नाही; आपण अमुक देवळामागे राहतो, खाजनाच्या बांधाजवळ राहतो, वरच्या वाड्यावर राहतो, हे मात्र प्रत्येकाला सांगता येते. वाड्यांची नावे छापावयास शाई अधिक लागत नाही. आणि काम पुढे ढकलले, तर त्याचाही तसाच चौकोन यावा, तेवढ्याच अक्षरांत. मोबाईलवर संदेश येतात हे खरे; परंतु आमच्या परिचयाच्या एका घरी मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे आणि नोंदलेला क्रमांक दुबईतल्या नातवाचा. वीज जाणार गोव्यात, आणि निरोप पोचतो दुबईला. तेथून तो पहाटे आजीला फोन करून सांगतो, "आजी, टाकी भरून घे." आजी म्हणते, यामुळे निदान महिन्यातून दोनदा त्याचा आवाज ऐकू येतो. तिने क्रमांक बदलून घेतलेला नाही, आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही.

ज्यांचे नातू दुबईत नाहीत त्यांच्यासाठी वाड्यावर दुसरी सोय झाली आहे. सकाळी सहाला सायकलवर पावाची टोपली लावून, भोंगा वाजवीत, पाववाला प्रत्येक घराच्या पायरीशी येतो. त्याच्या बेकरीत कणीक मळण्याचे यंत्र विजेवर आहे. म्हणून वीज केव्हा जाणार आणि काम पुढे गेले काय, याची खरी चौकशी करणारा गावात त्याचा मालकच. तिठ्यावरच्या दुकानदाराने त्याला गळ घातली, आणि आता पावाबरोबर निरोपही येतो. मावशी जेटीकडे निघतात त्या त्याच्या वाटेवरच. गेल्या पंधरवड्यात एका सोमवारी त्याने सांगितले, आज नऊला जाणार, एकला येणार. मावशींनी त्या दिवशी एकच क्रेट उचलला, बर्फ भरपूर घातला आणि आमच्या पायरीवर आल्या त्या नेहमीपेक्षा तासभर आधी. वीज एक वाजून दहा मिनिटांनी आली. तोवर क्रेट धुऊन अंगणात उपडा घातलेला होता.